एका सॅकमध्ये अलिबाग ते रत्नागिरी, एसटी आणि जेट्टीने

गाडी न नेता किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण करायचं असेल तर आधी सॅक ठरवा, रूम नंतर बघू. आमचा रूट असा होता: अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून बोटीने दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला-वेश्वी जेट्टी, केळशी, दापोली, दाभोळ-धोपावे जेट्टी, गुहागर, तवसाळ-जयगड जेट्टी, गणपतीपुळे आणि रत्नागिरी. म्हणजे चार खाड्या, आणि प्रत्येक ठिकाणी एसटी सोडायची, बोट पकडायची, पलीकडे मिनीडोर किंवा रिक्षा शोधायची. पायी माणूस थेट बोटीत चढतो, गाड्यांची रांग असली तरी.

त्यामुळे सॅक ३० लिटरची बस्स, भरून ६ किलोच्या आत, एसटीत मांडीवर मावली पाहिजे. चाकांची बॅग घरीच ठेवा, जेट्टीच्या उतारावर आणि वाळूत तिचा काही उपयोग नाही. कपडे अंगावरचे धरून तीन जोड, पातळ, रोज रात्री धुवायचे. जीन्स अजिबात नको, त्या दमट हवेत ती सकाळपर्यंत वाळतच नाही. टॉवेलऐवजी पंचा घ्या, खरंच सांगतो, लगेच वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो आणि धुतलेला शर्ट त्यात गुंडाळून पिळला की अर्धं पाणी तिथेच जातं. पट्ट्याचे सँडल एकच जोड. १०,००० एमएएचची पॉवर बँक, दोन पोर्टचा एक चार्जर, संपलं.

अ‍ॅप्सचं म्हणाल तर गुगल मॅप्सवर हा पट्टा घरूनच ऑफलाइन उतरवून ठेवा, घाटात आणि खाडीकाठी रेंज जाते. बोटींच्या वेळा मात्र जेट्टीवरच विचारा, शेवटची फेरी कितीला हे आदल्या दिवशीच. यूपीआयवर विसंबू नका, सुट्टे पैसे जवळ हवेत. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च फारच कमी येतो.

सगळ्यात कामाला आलं ते पंचांगाचं अ‍ॅप! हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राला लागून खडकांवरून जाते, भरतीला तिकडे जायचंच नाही. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. तरी खाली उतरण्याआधी देवळापाशी विचाराच, हा अंदाज आहे.

परतीला कोकण रेल्वे. रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब आहे, वेळ हाताशी ठेवून निघा. 'व्हेअर इज माय ट्रेन' नेट नसताना मोबाइल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते दाखवतं, फक्त करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात त्याच्या भरवशावर राहू नका.