स्वाधारचा अर्ज आणि खोलीचा भाडेकरार

भंडारा जिल्ह्यातून बी.एस्सी.साठी नागपुरात आले तेव्हा महाविद्यालयातील प्रवेश सहज झाला. प्रश्न होता तो राहण्याचा. मुलींच्या शासकीय वसतिगृहाच्या गुणवत्ता यादीत माझे नाव लागले नाही, म्हणून स्वाधार योजनेचा अर्ज भरला. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून सुरू असलेल्या या योजनेत नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते आणि विद्यार्थी त्याच शहरातला नसावा लागतो.

जातीचा दाखला, बोनाफाईड आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांत अडचण आली नाही. उत्पन्नाचा दाखला बाबांनी तहसीलमधून आधीच काढून ठेवला होता. अडले ते भाडेकरारावर. मी नागपुरातल्या नंदनवन भागात जी खोली घेतली, तिथल्या घरमालक काकू भाडे रोख घेत आणि करार म्हटला की म्हणत, "कायले पायजे व पोरी तो कागद? उद्या टॅक्सवाले येतीन घरी." त्यांची भीती मला खोटी वाटत नाही, पण ज्या शहरात विद्यार्थ्यांच्या बहुतेक खोल्या तोंडी व्यवहारावर चालतात, तिथे करारनामा मागणारी अट सर्वांत गरजू मुलींनाच बाहेर ठेवते. शेवटी याच योजनेचा लाभ घेणारी एक सिनिअर ताई आपला आदल्या वर्षीचा करार घेऊन आली, काकूंसमोर तो वाचून दाखवला आणि स्टॅम्पपेपरचा खर्च आम्ही करू असे सांगितले, तेव्हा अकरा महिन्यांच्या करारावर त्यांची सही झाली.

मंजुरीनंतरही रक्कम लगेच हाती आली नाही. खोलीची अनामत आणि मेसचे पैसे मात्र जुलैतच द्यायचे असतात. बाबांची भिस्त उन्हाळी धानाच्या चुकाऱ्यांवर, म्हणजे सरकारी खरेदीत विकलेल्या धानाच्या पैशांवर होती आणि तेही थकलेले, म्हणजे एका उशिरा येणाऱ्या सरकारी पैशाची तूट दुसऱ्या तशाच पैशाने भरायची होती. मामांनी उसने दिले, मेसवाल्या दादांनी दिवाळीपर्यंत थांबायचे कबूल केले आणि वर्ष निभावले. योजनेची रक्कम अपुरी आहे असे मी म्हणणार नाही. तिचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात मिळाला पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

दुसऱ्या वर्षी काकूंनी करार स्वतःहून करून दिला. भाडे मात्र पाचशे रुपयांनी वाढवून लिहिले.