आमची वाटचाल : विट्याची गलाई ते डॉसनचा नाला

विटा-खानापूर भागातली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारी माणसं देशभर पसरलीत हे सगळ्यांना माहितीये, मी जरा जास्तच लांब आलो. कॅनडातल्या युकॉनमध्ये, डॉसन सिटीजवळ. आधी इथल्या एका म्हाताऱ्या खाणवाल्याकडं कामाला होतो, मग त्याच्याच क्लेममध्ये, म्हणजे सोनं काढायचा हक्क असलेल्या जमिनीच्या पट्ट्यात, भागीदार झालो, आता तो थकलाय म्हणून सगळं मी आणि बायको बघतो.

जवळच्याच बोनान्झा क्रीकमध्ये 1896 च्या ऑगस्टमध्ये सोनं लागलं आणि लाखभर लोक इकडं निघाले. टॅगिश लोकांतला स्कूकम जिम, त्याचा भाचा चार्ली आणि मेव्हणा कार्मॅक, तिघं होते, पण पहिला क्लेम लागला कार्मॅकच्या नावावर. आमच्याकडं सातबाऱ्यावर होतं तसंच हो.

लोकांना वाटतं नाल्यात परात फिरवली की सोनं. अहो जमीनच बारमाही गोठलेली! जुने लोक हिवाळ्यात लाकडं पेटवून माती विरघळवत खाली खडकापर्यंत जायचे, आम्ही बुलडोझरनं वरचा काळा चिखल काढतो आणि उन्हाची वाट बघत बसतो. त्या चिखलात मॅमथची, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तींची हाडं निघतात, 2022 मध्ये युरेका क्रीकवर तर मॅमथचं अख्खं पिल्लू निघालं, कातडीसकट. हाड दिसलं की त्या बाजूचं काम थांबवून सरकारी संशोधकांना फोन करायचा.

मग चिखलाखालची खडी स्लूस बॉक्समधनं, म्हणजे तळाला मॅट घातलेल्या उतरत्या पन्हाळीतनं, पाण्यानं धुवायची, सोनं जड, ते खालच्या मॅटमध्ये अडकतं. मॅट टबात झटकल्या की काळी वाळू येते, त्यातली लोखंडी वाळू चुंबकानं काढायची आणि उरलेली परातीत हलवायची, हे काम बायकोचं, माझ्या हाताला तेवढा धीर नाही. सोनारांच्या दुकानातली धूळ-माती धुऊन सोनं काढणाऱ्या आमच्या झारेकऱ्यांचं काम बघितलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. मुशीत घातलं की टंच, म्हणजे शुद्धता, ऐंशी टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक चांदी.

रॉयल्टीची गंमत म्हणजे कायद्यात सोन्याचा भाव अजून औंसाला 15 डॉलरच धरलाय, त्याचे अडीच टक्के, म्हणजे साडेसदतीस सेंट! पण डिझेल काय जुन्या भावानं मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यात पर्यटकांना परात धुवायला देतो, त्यावर बराच खर्च निघतो.

यायचं असेल तर जून ते ऑगस्ट या, सप्टेंबरच्या शेवटी पाणी गोठायला लागतं की आमचं दुकान बंद. आणि डासांची जाळी आणा, इथले डास लय बेकार आहेत.