बसायचं कुणी, उभं राहायचं कुणी

नॉम पेन, कंबोडिया, रविवार रात्र

इथल्या जुन्या कॉफीच्या दुकानांत खुर्च्या टेबलाकडे नाही, टीव्हीकडे तोंड करून मांडलेल्या असतात. सकाळी बातम्या नाहीतर डब केलेला एखादा सिनेमा, शनिवार-रविवारी दुपारी कुन ख्मेर, म्हणजे इथलं किकबॉक्सिंग. 2023 मध्ये साउथईस्ट एशियन गेम्स नॉम पेनला झाल्या, तेव्हा स्पर्धेला 'मुए थाय' (थायलंडचं किकबॉक्सिंग) न म्हणता 'कुन ख्मेर' म्हटलं म्हणून थायलंडने त्या प्रकारात आपले खेळाडूच पाठवले नाहीत. तो विषय निघाला की अर्धा तास सहज जातो, आणि कॉफी तेवढ्या वेळात संपत नाही.

संपणार कशी? बर्फच निम्मा असतो. तळाशी बोटभर घट्ट गोड दूध, मिल्कमेडच्या जातीचं, डब्यातलं. पूर्वी ताजं दूध आणि फ्रिज दोन्ही दुर्मीळ होतं, त्यामुळे डब्यातल्या दुधाचीच जिभेला सवय लागली. बिया बहुतेक रोबस्टा जातीच्या. थोड्या इथल्याच मोंदुलकिरीच्या डोंगरातल्या, बऱ्याचशा व्हिएतनामहून आलेल्या. भाजताना साखर आणि लोणी घालून काळ्याकुट्ट करतात. मग लांब कापडी गाळणीतून पुन्हा पुन्हा ओतून अर्क काढायचा. अमृततुल्यातलं चहाचं फडकं आठवतं, फक्त हे पायमोज्यासारखं लांब. फ्रेंचांनी कॉफी आणली खरी, पण या ग्लासात त्यांचं काही उरलेलं नाही.

टेबलावर पातळ चहाची किटली फुकट. कॉफी संपली की त्याच बर्फावर चहा ओतायचा आणि बसून राहायचं. मालक उठवत नाही. वेटरला कुणी घाई करत नाही. एका कॉफीवर सगळी सकाळ निघते.

पण बसलेले सगळे पुरुष. इतके दिवस हे दिसत होतं, आज मावसभाऊ सोबत होता म्हणून ठळक झालं. दुकानभर गिऱ्हाईक म्हणून बसलेली बाई मी एकटी. कोणी वाईट नजरेने पाहिलं नाही, उलट एका आजोबांनी खुर्ची पुढे सरकवली. त्यांच्या बसण्याचा मला हेवा वाटतो, राग नाही. सत्तरीच्या त्या माणसांनी एप्रिल 1975 पाहिलेला असणार. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने शहर रिकामं केलं, पैसा रद्द केला, बाजार बंद केले. रिएल परत चलनात आला तो 1980 मध्ये. त्यानंतर चार मित्र सकाळी पैसे मोजून कॉफी घेताहेत आणि कुणाच्या परवानगीशिवाय गप्पा मारताहेत, तर बसू देत बापडे.

बायका मात्र उभ्या. गाडीवर कॉफी बनवणारी बाई, तिच्या हाताखालची मुलगी, ग्लास विसळणारी म्हातारी. आमच्या फॅक्टरीच्या गेटबाहेरची मिंग (मी तिला मावशीच म्हणते, इथल्या भाषेत) उजाडायच्या आधी बर्फाची लादी फोडायला लागते. शिवणकाम करणाऱ्या पोरी ट्रकमधून उभ्याउभ्या येतात, उतरतात, प्लास्टिकच्या ग्लासातली कॉफी पातळ पिशवीत लटकवून घेतात आणि शिट्टीच्या आत गेट गाठतात. कपड्याच्या कारखान्यांतलं किमान वेतन 2025 साठी महिना 208 डॉलर ठरलं होतं. मिंगची कॉफी साधारण चार हजार रिएल, म्हणजे एक डॉलर. तीही रोज परवडत नाही, दोघी एक घेतात.

दुपारी भावाला एसी कॅफेत नेलं. काचा, लाकडी टेबलं, लाटे कॉफीच्या फेसावर फुलपान काढलेलं. तो वैतागला. "ताई, हे तर एफसी रोडवरही मिळतं! खरं काहीतरी दाखव ना."

बाहेरून येणाऱ्या सगळ्यांचं हेच गाऱ्हाणं. जे पाहुण्याच्या शहरात मिळतं ते खोटं, आणि कळकट बाकावर मिळतं ते खरं. मी म्हटलं, आजूबाजूला बघ आधी. कॉलेजच्या मुली लॅपटॉप उघडून बसलेल्या. एक आई-मुलगी परीक्षेच्या फॉर्मवरून भांडत होत्या. कोपऱ्यात तिघीजणी नुसत्या हसत होत्या, मोठ्याने. ब्राउन ही इथलीच साखळी, 2009 पासूनची. तिच्यासारख्या कॅफेंनी शहरातल्या मुलींना तासन् तास बसायला खुर्ची दिली, जी टीव्हीसमोरच्या दुकानात त्यांना मिळत नव्हती. मला तरी ते सोन्याच्या शिखरांच्या देवळाइतकंच कंबोडियन वाटतं.

भाऊ म्हणाला, "आणि तुझ्या फॅक्टरीतल्या पोरी?"

बरोबर विचारलं. अडीच-तीन डॉलरचा लाटे म्हणजे त्यांच्या दिवसाच्या कमाईचा चांगला मोठा तुकडा. रविवारी त्या नदीकाठी सिसोवाथ किनाऱ्यावर चटईवर बसतात, तेही सुट्टी असेल तर. खुर्चीचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही. मी त्याला दुसरं उत्तर दिलं नाही, आणि बिल त्यालाच भरायला लावलं.

उद्या माल तपासायला सकाळी सातलाच जायचंय. मिंगने आता गाडीवर क्यूआरचा फलक लावलाय, त्यामुळे सुट्ट्या रिएलसाठी पर्स उपसायला नको. साखर कमी टाक म्हणून मात्र पुन्हा सांगावं लागणार. ती हो म्हणते आणि तेवढीच टाकते.