घोड्यावाला का बिनघोड्याचा?

नव्या पेठेतल्या दुकानात मी म्हणालो, "पोलो दाखवा की ओ," तर शेजारी उभ्या लेकीनं लगेच हात पुढं केला. तिला वाटलं, मधे भोक असलेली ती पांढरी पुदिन्याची गोळी मिळणार!

दुकानातल्या मामांनी चार टी-शर्ट काउंटरवर टाकले. "घोड्यावाला पायजे का बिनघोड्याचा?"

छातीवर नखाएवढा घोडा. आतून बघितलं तर नुसते दोरे लोंबत होते. तरी घेतला घोड्यावालाच.

रात्री मात्र 'पोलो' हा शब्द डोक्यातून जाईना. शोधलं तर मूळ निघालं तिकडं वर, काश्मीरच्या उत्तरेला बाल्टिस्तानात. बाल्टी भाषेत पोलो म्हणजे चेंडू. बस्स, एवढंच. घोड्यावर बसून काठीनं चेंडू मारायचा हा खेळ इंग्रज साहेबांनी उचलला मणिपुरी लोकांकडून, तिथं त्याला सगोल कांगजेई म्हणतात. १८५९ साली आसामात सिल्चरला क्लबही काढला. म्हणजे खेळ मणिपूरचा आणि नाव पार दुसऱ्या टोकाचं. फारसीत याच जातीचा खेळ चौगान. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून गेला. (मार्को पोलोचा याच्याशी काडीचा संबंध नाही, ते त्याचं आडनाव.)

आणि हा टी-शर्ट? तो गाजवला फ्रान्सच्या रने लाकोस्त या खेळाडूनं, टेनिसच्या कोर्टावर. त्याच्या छातीवर तर मगर होती.

सकाळी लेकीला सांगितलं, पोलो म्हणजे चेंडू. ती घोड्यावर बोट ठेवून म्हणाली, "मग बाबा, चेंडू कुठंय?"