उणे 138 अंशांवर अडलेली वीज: माझा अनुभव

नांदेडला पीएच.डी. करताना मी बीईडीटी-टीटीएफ या सेंद्रिय रेणूचा ट्रायआयोडाइड (तीन आयोडीन अणूंचा ऋणभारित गट) क्षार निवडला, तोही अल्फा जातीचा, म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक मांडणीचा. त्यात भार-क्रम, म्हणजे मोकळे वाहणारे विद्युतभार ठरावीक जागा धरून बसणं, 135 केल्विनला, म्हणजे उणे 138 अंश सेल्सिअसला लागतो. द्रव नायट्रोजन 77 केल्विनपर्यंत नेतो, त्यामुळे हेलियमच्या खर्चात पडावं लागत नाही.

स्फटिक वाढवायला द्रावणात बुडवलेल्या प्लॅटिनमच्या दोन तारांमधून मायक्रोॲम्पिअरभर (ॲम्पिअरचा दहा लाखावा भाग) प्रवाह कित्येक दिवस अखंड सोडावा लागतो. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून सगळं बॅटरीवर चालवलं. तारेवर काळ्या, चकचकीत पापुद्र्यासारखे स्फटिक धरले. एकाच नळीत बीटा जातही उगवते आणि ती थंडीतही धातूसारखीच वागते. खरी परीक्षा थंड केल्यावरच.

नायट्रोजन मिळाला तो गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टरांना पुरवठा करणाऱ्या काकांकडून. कॅन भरता भरता त्यांनी विचारलं, "मॅडम, कालवडी पाळायलाव का?" स्फटिक दाखवला तर म्हणाले, "एवढ्याशासाठी एवढं गार?" पण कॅन काठोकाठ भरून दिला.

सगळ्यात नाजूक काम तारा जोडण्याचं. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक सोन्याच्या चार तारा कार्बन पेस्टने चिकटवायच्या. बाहेरच्या दोन प्रवाहासाठी, आतल्या दोन व्होल्टेजसाठी. तार ताणलेली असेल तर गारठ्यात स्फटिक आकसतो आणि तडकतो. म्हणून प्रत्येक तारेला थोडा झोल ठेवायचा आणि तापमान अगदी सावकाश उतरवायचं.

135 केल्विनपर्यंत विजेचा रोध जवळजवळ जागचा हलला नाही. मग एकदम उसळला आणि पुढे कित्येक पटींनी चढतच गेला. या क्षारात दोन रेणूंमागे एक इलेक्ट्रॉन कमी असतो, म्हणजे प्रत्येकावर सरासरी अर्धा धनभार. भार एकमेकांना ढकलतात. एसटीत अनोळखी माणसं एकेक बाक सोडून बसतात, तसे ते शेजार टाळून पट्ट्यांमध्ये बसतात आणि वाहणं थांबतं.

पण रोध एवढंच सांगतो की वाट अडली. भार कुणाकडे किती, हे प्रकाशाला विचारावं लागतं, आणि मला या विषयाचा खरा गाभा तिथेच वाटतो. रेणूतल्या कार्बनच्या दुहेरी बंधाच्या कंपनाची वारंवारता भाराप्रमाणे बदलते: एका पूर्ण भाराच्या फरकाला सुमारे 140 प्रति सेंटीमीटर (वर्णपटात वारंवारता मोजण्याचं एकक). दुसऱ्या एका प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपट घेतला. 135 केल्विनच्या वर त्यात या कंपनाचा एकच रुंद पट्टा होता, त्याखाली तो दोन गटांत फुटला. अंतर 80 च्या आसपास, म्हणजे एका रेणूवर साधारण 0.8 भार, दुसऱ्यावर 0.2. मी ते दोन्ही आलेख टेबलावर शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिले.

आता थीटा जातीचा रुबिडियम-झिंक क्षार हाती घेतला आहे. तो झपाट्याने थंड केला तर क्रम लागतच नाही, भार विस्कळीतच गोठतात. त्यासाठी थंड करण्याचा वेग नेमका धरता येईल असा कंट्रोलर जुळवते आहे.