कोंबडीचं अंडं अडकतं तेव्हा: माझा अनुभव

कोंबडी शेपूट खाली टाकून ताठ उभी राहते, दाणा टाकला तरी पुढे येत नाही, सारखी घरट्यात जाते, कुंथते आणि परत बाहेर येते. असं दिसलं की मी अंडं अडकलंय असंच धरून चालते. तुरा फिका पडतो. कधी पायातला जोर जातो, कारण आतलं अंडं पायाकडे जाणाऱ्या नसांवर दाबतं. 'उद्या बघू' म्हणायला इथे जागा नाही, एक-दोन दिवसांत कोंबडी हातची जाते. काही जण तिला खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, समजतात. खुडूक कोंबडी घरट्यात पसरून बसते आणि हात नेला की पिसं फुलवून टोचते. अडलेली कुठेच टिकून बसत नाही.

खात्री करायला हातमोजा घालून बोटाला खोबरेल लावायचं आणि मागच्या वाटेनं हलकेच तपासायचं. अंडं असेल तर दोन इंचांच्या आत टणक लागतं. मऊ, पिशवीसारखं लागलं तर ते कवच न धरलेलं अंडं. ते जास्त त्रास देतं, कारण आतल्या स्नायूंना त्यावर पकड मिळत नाही.

गरम पाण्याच्या शेकाच्या आधी कॅल्शियम द्यायचं. अंडं बाहेर ढकलायला स्नायू आवळावे लागतात आणि त्याला रक्तात कॅल्शियम लागतं. औषधाच्या दुकानातली 500 मिलीग्रॅमची, डी-३ जीवनसत्त्व असलेली कॅल्शियमची गोळी चार तुकडे करून एकेक तुकडा चोचीत ठेवायचा. पातळ औषध घशात ओतू नये. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ठसका लागला की औषध थेट फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडावं.

मग टबात 38 ते 40 अंशांचं पाणी घ्यायचं, कोपराला सुखावेल इतपत. पोट आणि मागचा भाग बुडेल अशी कोंबडी वीस मिनिटं धरायची. पंख अंगाशी दाबून धरले की ती लवकर शांत होते, डोळे मिटायला लागते. पाणी निवलं की कडेनं गरम पाणी घालत राहायचं. नंतर आपल्या सोलापुरी टॉवेलानं पिसं मुळापर्यंत टिपायची, वाटेला पुन्हा तेल लावायचं आणि कोंबडी अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवायची. थंडीत खोक्याला ऊब लागते. मे महिन्यात मात्र हाच शेक दुपारी दिला तर उष्माघात व्हायचा. कोंबडी चोच उघडून धापा टाकत असेल तर आधी तिला सावलीत गार होऊ द्या, शेक सकाळी किंवा दिवेलागणीला, आणि खोकं हवेशीर ठेवा.

तास-दीड तासानं शेक पुन्हा देता येतो. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, हे कळकळीनं सांगते. आत अंडं फुटलं की कवचाच्या कडा अंडं येण्याची नळी कापतात आणि पोटात जंतुसंसर्ग होतो. काही तासांत अंडं आलं नाही, किंवा लाल मांस बाहेर दिसलं, तर पशुवैद्य गाठा. मांस दिसत असेल तर कोंबडी लगेच वेगळी करा, बाकीच्या ते टोचून काढतात. ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळा आणणारं, इंजेक्शन स्वतः देऊ नका. वाट मोकळी नसताना ते दिलं तर नळी फाटते.

आपल्याकडे हे घडतं ते बहुतेक खाण्यामुळे आणि उन्हामुळे. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. शंभर ग्रॅम ज्वारीत ते 30 मिलीग्रॅमच्या आसपास. नुसत्या ज्वारीवर ठेवलेली कोंबडी हाडांतलं कॅल्शियम काढून अंडी घालते आणि एक दिवस अडते. शेंगपेंडीनं प्रथिनं मिळतात, कॅल्शियमची उणीव भागत नाही. अंड्यावर आल्यावर मुख्य खाद्य लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, साडेतीन-चार टक्के कॅल्शियम), ज्वारी फक्त मूठभर. अजून अंड्यावर न आलेल्या लहान तलंगांना मात्र हे खाद्य नको, इतक्या कॅल्शियमनं त्यांचे मूत्रपिंड बिघडतात.

शिंपल्याचा चुरा मी वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी ठेवते. कवच मुख्यतः रात्री चढतं. चुरा तांदळाच्या कणीएवढा जाडसर हवा. तो पोटातल्या जात्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या पिशवीत, रात्रभर हळूहळू विरघळतो, पूड लगेच पुढे निघून जाते.

उन्हाळ्यात धाप लागली की श्वासावाटे कर्बवायू जास्त जातो, रक्तातले कवचाला लागणारे क्षार घटतात आणि कवच पातळ होतं. त्यात कोंबडी खातेही कमी. म्हणून खाद्य पहाटे घालावं. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी कोंबड्या पीत नाहीत. नळाला रोज पाणी नसलं तरी त्यांच्यासाठी एक माठ वेगळा भरून ठेवावा.

पोट पाण्याच्या पिशवीसारखं लोंबत असेल आणि कोंबडी बरेच दिवस मलूल असेल, तर प्रकार वेगळा. अंड्याचा बलक पोटातच पडतोय. त्यावर शेकाचा उपयोग नाही, डॉक्टरांनाच दाखवा.