११० रुपये लिटरचं ‘देशी’ दूध आणि चांदसैलीचा घाट

आधी ते ११० रुपये सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तरी डोकं शांत ठेवून लिहिता येईल.

जळगावात मी आणि मावसभाऊ पनीरचं छोटं काम करतो, चीजचा नाद नवा. खान्देशातल्या कोणत्या गाईच्या दुधाचा चक्का (चीजसाठी दूध गोठून होणारा घट्ट गोळा) चांगला बांधला जातो ते बघायला मार्चमध्ये चार दिवस पिकअप घेऊन फिरलो. शिरपूरच्या अलीकडे रस्त्यालगत ‘शुद्ध गीर, ए-टू’ अशी पाटी दिसली. वीस लिटर घेतलं. मालक म्हणाला, “उन्हात नासायला नको म्हणून एक उकळी काढून दिलीय, भाऊ.” आम्ही वर त्याचे आभार मानले!

संध्याकाळी मावसबहिणीच्या ओट्यावर ते दूध ३५ अंशांना आणून रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणारं एन्झाइम, टाकलं. तास गेला, दीड तास गेला, रात्रीचे अकरा वाजले. सुरी फिरवली तर आत पातळ पेज. दूध उकळलं की निवळीतली प्रथिनं केसिनच्या (ज्या प्रथिनाचा चक्का बनतो त्याच्या) कणांना चिकटतात, मग रेनेटने चक्का धड बांधलाच जात नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या गोठ्यावर उभं असताना आठवलं नाही. शेवटी लिंबू पिळून पनीर केलं. २२०० रुपयांचं पनीर! त्यामुळे चीजसाठी दूध घेताना पहिला प्रश्न जातीचा नको, ‘कच्चं आहे का?’ हा विचारा.

आणि ‘ए-टू’साठी जादा पैसे मोजू नका. बीटा-केसिन या दुधातल्या प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल असलं की ए-टू आणि हिस्टिडिन असलं की ए-वन, एवढाच तो फरक. आपल्या गावठी गाई बहुतेक ए-टूच असतात. चीजसाठी तर त्याचा फायदा नाहीच, उलट तसल्या दुधाचा चक्का मऊ आणि सावकाश बांधला जातो.

चांगलं काम झालं ते आदल्या दिवशी, यावल-चोपड्याकडच्या सातपुड्याच्या पायथ्याला. तिथे निमाडी गाई मिळतात: तांबड्या, अंगावर पांढरे ठिपके, गीर आणि खिल्लार या दोन्ही जातींचा वारसा. मूळ खरगोन-बडवानीकडच्या. दूध कमी, एका वेळेला दोन लिटर म्हणजे चांगली गाय. एका आजींच्या गोठ्यात मी आचळाला हात लावायला गेलो तर गाईने पान्हाच चोरला. आजी हसल्या. “पहिले वासरूले, मंग तुमले.” वासरू सोडलं, दोन मिनिटं त्याने ढुशा मारल्या आणि धार सुरू झाली. सुरुवातीचं आणि शेवटचं दूध मी वेगवेगळ्या भांड्यांत घेतलं. पहिल्याला फॅट ३.१, शेवटच्याला ६.८! गोठ्यात शेवटच्या धारा वासरासाठी ठेवतात. ठेवाव्यातच. पण मग किटलीतलं दूध पातळ लागतं आणि दूध संकलन केंद्रावर ३.५-८.५ च्या (फॅट आणि फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) हिशेबात गाय बदनाम होते. जातीची फॅट म्हणून जे आकडे सांगतात ते ऐकताना पूर्ण धार काढली होती का, हे विचारा.

त्याच कच्च्या दुधाला रेनेटने ५० मिनिटं लागली. शेजारच्या म्हशीचं दूध २२ मिनिटांत वडीसारखं कापलं गेलं. म्हशीच्या दुधात केसिन आणि कॅल्शियम दोन्ही जास्त, आणि आपल्या गाईंत कापा-केसिन या दुसऱ्या केसिनचा ‘बी’ प्रकार, ज्याने चक्का घट्ट होतो, तो कमी आढळतो. निमाडीच्या दुसऱ्या घाण्यात १० लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड टाकलं आणि वेळ ३५ मिनिटांवर आली. ते विसरू नका. दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर, थर्मामीटर तुमच्याकडे असतीलच, नसतील तर निघूच नका.

पुढे शहादा, तळोदा, मग सातपुड्यातलं धडगाव. पोहोचेपर्यंत सगळं मजेत होतं, लिहिण्यासारखं काही नाही. तिथल्या एका पाड्यावर अख्ख्या वस्तीचं मिळून आठ लिटर जमलं. गाई लहान चणीच्या, दूध प्यायचं म्हणून कुणी फार काढत नाही. हे आठ लिटर घेऊन तळोद्याकडे चांदसैलीचा घाट उतरलो, आणि घाटाने माझं वाटोळं केलं. वळणावर वळण, मध्येच खडी, समोरून ट्रक आला की एक चाक दरीच्या कडेला. मावसभाऊ दोनदा उतरून चाकाला दगड लावत होता. पण खरा घोळ किटलीत झाला. २० लिटरची किटली, आत आठ लिटर. तळोद्याला झाकण उघडलं तर वर तरंगत होते हरभऱ्याएवढे लोण्याचे गोळे, खाली उरलं होतं ताक. दूध चारच तासांचं होतं, आंबट नव्हतं, नुसतं घुसळलं गेलं होतं. किटली तोंडापर्यंत भरा, नाहीतर छोट्या किटल्या घ्या. सकाळी आठच्या आत घाट उतरा. बर्फ तळोद्यातच घ्या, वर मिळण्याची आशा धरू नका.

माझा हिशेब सरळ आहे. पनीरला म्हैस, वाद नको. चीजला संध्याकाळची निमाडी, कच्ची, वासराचा वाटा सोडून. खिल्लार दुधासाठी नाहीच, ती बैलांसाठी, तिच्या मागे फिरू नका. धडगावला मी पुन्हा जाणार, पण दूध आणायला नाही, शेगडी घेऊन. रेनेट तिथेच पाड्यावर टाकीन आणि चक्काच खाली आणीन.

निमाडीच्या चीजची दोन गोल चाकं सध्या घरच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात आहेत. बायको रोज विचारते, हा वास कधी जाणार.